मिटन्सची जादा जोडी

मनास्लूच्या मोहिमेत नाव नोंदवताना मी काठमांडूच्या आयोजकांना पुष्कळ प्रश्न विचारले होते. प्राणवायूच्या बाटल्या किती मिळतील, बेस कॅम्पवर स्वतंत्र तंबू असेल का, हवामानाचा अंदाज कुणाकडून घेता, परतीचं हेलिकॉप्टर पॅकेजमध्ये धरलंय की वेगळं. प्रत्येक प्रश्नाचं नीट उत्तर आलं. एक प्रश्न मात्र मला सुचलाच नाही : दोरावर माझ्यासोबत जो शेर्पा असेल, त्याने मला ‘आता मागे फिरू’ असं म्हटलं तर त्यात त्याचं नुकसान होतं का?

होतं. शेर्पाला मजुरीखेरीज शिखर-बोनस मिळतो, आणि तो सहसा ग्राहक माथ्यावर पोहोचण्याशी बांधलेला असतो. गिर्यारोहणाच्या वर्तुळात हे सगळ्यांना ठाऊक आहे. मीही ऐकून होतो. पण त्याचा अर्थ काय होतो, यावर मी कधी शेवटपर्यंत विचार केला नव्हता. केला असता, तर एका तरुण माणसाच्या उजव्या हाताची दोन बोटं आज पूर्ण असती. सत्कारांच्या भाषणांत मी हे सांगितलं नाही, म्हणून इथे लिहितो आहे. त्याचं नाव लिहीत नाही. त्याचं घर डोंगरातल्या कामावर चालतं, आणि तिथे नावाला चिकटलेली गोष्ट लवकर पसरते. मी त्याला भाई म्हणायचो, तो मला सर म्हणायचा.

मनास्लू नेपाळच्या गोरखा जिल्ह्यात आहे. उंची ८१६३ मीटर, जगात आठवा क्रमांक. आठ हजार मीटरवरच्या चौदा शिखरांपैकी पहिलं म्हणून हल्ली अनेक जण हेच निवडतात. वाट त्यामानाने सोपी मानली जाते, आणि पावसाळा ओसरता ओसरता, सप्टेंबरमध्ये, बेस कॅम्पवर तंबूंची वस्तीच उभी राहते. परवाना आयोजक काढतात. वरपर्यंत दोर बांधलेला असतो. प्राणवायूच्या बाटल्या आपल्या आधी वर पोहोचलेल्या असतात. ग्राहकाने स्वतःला आणि स्वतःच्या सॅकला वर न्यायचं.

आम्ही ज्या गिर्यारोहणावर वाढलो ते वेगळं होतं. १९९८ साली सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले तेव्हा पुण्यात आम्ही पेपरांतली कात्रणं जपून ठेवली होती. २०१२ साली ‘गिरिप्रेमी’ची मोहीम एव्हरेस्टवर यशस्वी झाली. अशा संस्थांतली मंडळी वर्षानुवर्षं एकमेकांबरोबर सह्याद्रीत चढलेली असतात. कुणाचं डोकं उंचीवर लवकर दुखतं, दमल्यावर कोण गप्प होतो, दमल्यावर कोण उगाच ‘ठीक आहे, ठीक आहे’ म्हणत राहतो, हे जोडीदाराला पाठ असतं. आयोजकांच्या मोहिमेत ही ओळख कागदावरून होते. तो कागद मी नीट भरला नाही.

फॉर्ममध्ये सात हजार मीटरवरच्या अनुभवाचा रकाना होता. त्यात मी लिहिलं, ‘कुन (७०७७ मीटर) मोहिमेत सहभाग.’ हे खोटं नव्हतं. लडाखमधल्या त्या मोहिमेत मी होतो. पण माथ्याच्या बऱ्याच खालून परतलो होतो. दोराच्या प्रत्येक गाठीशी मला फार वेळ लागत होता, मागच्यांचा खोळंबा होत होता, म्हणून आमच्या प्रमुखाने मला खाली पाठवलं होतं. तेव्हा राग आला होता, नंतर त्याचं म्हणणं पटलंही होतं. पण फॉर्म भरताना ते रकान्यात बसवावंसं वाटलं नाही. त्या एका ओळीवरून भाईला माझ्याबद्दल जे कळलं, ते अर्धं होतं.

तयारी मी कसून केली. पाण्याच्या बाटल्यांनी भरलेली सॅक घेऊन पहाटे सिंहगड चढायचो. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट ओझ्यासकट केली. हृदयाच्या, फुप्फुसांच्या सगळ्या तपासण्या झाल्या. माझी कमतरता पायांत आणि छातीत नव्हती, हातांत होती, आणि हातांची तयारी मी केली नाही. आठ हजार मीटरवर मिटन्स घालतात. पिसांनी भरलेले, चारही बोटं एका खोळीत राहतील असे जाड हातमोजे. त्यांतून कॅराबिनरची, म्हणजे दोरात अडकवायच्या कडीची, पकड उघडणं, जुमार (दोरावर वर सरकणारी पकड) दोरावरून काढून पुढच्या दोरावर चढवणं, ही सरावाची गोष्ट आहे. उत्तरकाशीच्या संस्थेत कोर्स केला तेव्हा ते शिकवलं होतं. त्याला खूप वर्षं झाली होती. पुण्याच्या उकाड्यात हात त्या खोळीत घालून खिडकीच्या गजाला दोर बांधून तासभर बसणं मला जमलं असतं. ते मी एकदाही केलं नाही.

पैसे उभे करणं ही मोहिमेआधीची मोहीम असते. काही माझे होते, बरेचसे देणग्यांतून आले. ज्यांनी दिले त्यांनी आपुलकीने दिले. त्यांची नावं एका कापडी बॅनरवर छापली, आणि माथ्यावर तो बॅनर धरून फोटो काढायचं मी कबूल केलं. भगवा झेंडा तर न्यायचाच होता. निरोपसमारंभात एका ज्येष्ठ देणगीदारांनी विचारलं, ‘‘खऱ्या माथ्यावर ना? हल्ली काहीतरी वाद आहे म्हणे.’’

वाद होता आणि तो खरा होता. मनास्लूचा माथा ही एक अरुंद बर्फाळ धार आहे. तिच्यावर लागोपाठ काही उंचवटे आहेत, आणि अगदी टोकाचा उंचवटा अलीकडच्या उंचवट्यांपेक्षा थोड्याच मीटरांनी वर आहे. शरद ऋतूत धारेवरचा बर्फ धोक्याचा असतो. दोर अलीकडेच संपायचा, आणि वर्षानुवर्षं बहुतेक लोक तिथूनच फोटो काढून परतायचे. २०२१च्या सप्टेंबरमध्ये मिंग्मा ग्याल्जे शेर्पा यांनी धारेच्या बगलेने आडवं जाऊन आपल्या संघाला टोकापर्यंत नेलं. त्याच वेळी एका ऑस्ट्रेलियन तरुणाने ड्रोनमधून काढलेला फोटो जगभर गेला. अलीकडे थांबलेली माणसं आणि पलीकडे टोकाशी असलेला संघ, दोन्ही त्या एका फोटोत दिसत होते. एलिझाबेथ हॉली यांनी काठमांडूत आयुष्यभर जमवलेल्या नोंदींतून उभा राहिलेला ‘हिमालयन डेटाबेस’ही त्यानंतर बदलला. २०२२पासून टोक गाठलेल्यांचीच नोंद शिखर म्हणून होते.

ही दुरुस्ती योग्यच आहे, असं मला आजही वाटतं. पण त्या समारंभात मी माइकवर म्हणालो, ‘‘खऱ्या माथ्यावरच.’’ एवढ्या लोकांसमोर बोललेला शब्द पुढे मोडता आला नाही.

बुढी गंडकीच्या काठाकाठाने वर जाणारी वाट सुंदर आहे. तिचं वर्णन अनेकांनी केलंय. मला त्या वाटेवरचं एक घर सांगायचंय. भाई त्याच खोऱ्यातला. समागावच्या खालच्या एका गावात त्याचं घर होतं. २५ एप्रिल २०१५च्या भूकंपाचं केंद्र याच गोरखा जिल्ह्यात, बारपाकजवळ होतं. भाईचं घर तेव्हा पडलं होतं. नवीन भिंती उभ्या राहिल्या होत्या, पण अर्ध्या घरावर अजून निळी ताडपत्री होती. त्याच्या आईने आम्हाला मीठ-लोण्याचा चहा दिला. छपराचे पत्रे खालून खेचरांवर यायचे आहेत, या मोसमाचे पैसे मिळाले की येतील, असं भाईने सहज सांगितलं. मी चहा पीत ऐकलं. म्हणजे मला माहीत होतं.

समागावात त्याने मला जपान्यांची गोष्टही सांगितली. १९५३ साली जपानी मोहीम मनास्लूवरून अपयश घेऊन परतली. त्यानंतर हिमस्खलन झालं, गावाचा गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, गाडला गेला, माणसं मेली. देवता कोपल्या असं गावाने मानलं. १९५४ साली जपानी पुन्हा आले तेव्हा गाव वाटेत उभं राहिलं आणि त्यांना जाऊ दिलं नाही. ती मोहीम गणेश हिमालकडे वळली. मनास्लूचा माथा पहिल्यांदा गाठला गेला तो ९ मे १९५६ रोजी. तोशिओ इमानिशी आणि ग्याल्झेन नोर्बू, एक जपानी आणि एक शेर्पा. भाईला अभिमान होता तो ग्याल्झेन नोर्बूंचा. मला त्या गोष्टीतलं गाव लक्षात राहिलं. पाहुण्यांच्या येण्यातून पैसा मिळणार असूनही ते ‘नाही’ म्हणू शकलं, कारण सगळे मिळून म्हणत होते. एकट्या नोकरदार माणसाला ते म्हणणं किती कठीण आहे, हे मला तेव्हा जाणवलं नाही.

बेस कॅम्पवर लामांनी पूजा केली. मग उंचीची सवय व्हावी म्हणून वर-खाली फेऱ्या सुरू झाल्या. कॅम्प एक आणि दोनच्या मधला आइसफॉल ही त्या वाटेवरची सगळ्यांत कठीण जागा. हिमभेगा, शिड्या, काही ठिकाणी सरळ उभी बर्फाची भिंत. तिथेच भाईच्या लक्षात आलं की माझ्या अनुभवाचा रकाना आणि माझे हात यांचा मेळ बसत नाही.

दोर जिथे बर्फात ठोकलेला असतो त्या प्रत्येक ठिकाणी तेच काम असतं. आधी सुरक्षेचा कॅराबिनर पुढच्या दोरात अडकवायचा, मग जुमार काढून पुढे लावायचा. एका क्षणीही आपण दोराविना राहता कामा नये. मी हे दर वेळी उजवा हातमोजा काढून करत होतो. काढलेला मोजा काखेत धरायचा, काम करायचं, पुन्हा घालायचा. मिटन्सना मनगटात अडकवायची नाडी असते, तिच्यामुळे मोजा सुटला तरी हाताला लटकत राहतो. ती नाडी डाऊन सूटच्या बाहीत अडकायची, म्हणून मी काढून टाकत होतो.

भाईने ते पाहिलं. ‘‘सर, डोरी हात में डालो. ऊपर हवा ले जाएगी.’’ मी घातली. कॅम्प दोनवर त्याने मला तंबूत बसवून मिटन्समधून कॅराबिनर उघडायला लावला. दोन-चारदा जमलं. मी म्हणालो, झालं. त्याला अजून करून घ्यायचं होतं, हे मला दिसत होतं. मी स्लीपिंग बॅगमध्ये शिरलो. वयाने लहान, पगारी माणूस आपल्याला शिकवतोय, हे मनात कुठेतरी टोचत होतं. पुढच्या फेरीत नाडी पुन्हा सुटलेलीच होती.

त्याने हे मोहिमेच्या प्रमुखाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कदाचित मला कॅम्प तीनच्या वर जाऊ दिलं नसतं, आणि तो मोसम त्याच्यासाठी तिथेच संपला असता. आज याचा हिशेब मांडताना मला त्याची बाजू पूर्ण समजते. माझ्या बाजूला मात्र समजून घेण्यासारखं काही सापडत नाही.

कॅम्प तीन सुमारे ६८०० मीटरवर. २३ सप्टेंबर २०१२च्या पहाटे याच कॅम्पवर हिमस्खलन कोसळून ११ गिर्यारोहक झोपेतच गेले होते. तिथून पुढे बहुतेक जण प्राणवायूचा मास्क लावतात. कॅम्प चार सुमारे ७४०० मीटरवरच्या उघड्या पठारावर आहे, आणि तिथे वारा थांबतच नाही.

माथ्याकडे निघायच्या रात्री याच कॅम्पवर, तंबूत सॅक भरताना मी जे केलं, ते मला अजून स्पष्ट दिसतं. यादी पाठ होती : गॉगलची जादा जोडी, पाण्याचा थर्मास, हेडटॉर्चचे सेल, मिटन्सची जादा जोडी. बॅनरची गुंडाळी सॅकमध्ये बसेना. झेंडा आत गेला, थर्मास गेला, बॅनर अर्धा बाहेर राहायचा. मी जादा मिटन्स बाहेर काढले. हातात घेऊन पाहिले. फुगीर असतात, जागा खूप खातात. ते उशाशी ठेवले आणि बॅनर आत सरकवला. भाई तेव्हा बाहेर बाटल्या तपासत होता. त्याला मी सांगितलं नाही. हा निर्णय मेंदूला प्राणवायू कमी पडत होता म्हणून झाला असेल, असं एका डॉक्टर मित्राने नंतर मला सुचवलं. मला तो आधार नको आहे. मला नीट कळत होतं की यादीतली वस्तू काढतोय, आणि कुणी पाहत नाहीये हेही कळत होतं.

परतीची वेळ प्रमुखाने आदल्या संध्याकाळीच सांगितली होती. सकाळी अकरा. जिथे असाल तिथून मागे. दुपारनंतर वारा वाढणार होता. अशा वेळेचं महत्त्व मला कुणी समजवायची गरज नव्हती. १० मे १९९६ला एव्हरेस्टवर रॉब हॉल आणि स्कॉट फिशर यांच्या आयोजित मोहिमा वादळात सापडल्या, परतीची वेळ उलटून गेल्यावरही ग्राहक वर चढत राहिले होते, आणि त्या वादळात आठ जण गेले. हे मी वाचलं होतं, क्लबच्या पोरांना शिबिरांत शिकवलंही होतं.

अकरा वाजले तेव्हा आम्ही अलीकडच्या उंचवट्यापाशी होतो. टोक समोर दिसत होतं. धारेच्या बगलेला एकच दोर, जाणारे आणि येणारे त्याच दोरावर, त्यामुळे रांग लागली होती. रांगेत उभं राहून बाटली रिकामी होत असते. चार लिटरच्या भरलेल्या बाटलीत साधारण १२०० लिटर प्राणवायू असतो. मिनिटाला दोन लिटर सोडला तर तो दहा तास पुरतो, चार लिटर सोडला तर पाच. माझा प्रवाह वाढवलेला होता. भाईचा नेहमीप्रमाणे माझ्यापेक्षा कमी होता.

मी त्याला विचारलं, ‘‘भाई, क्या लगता है?’’

त्याने घड्याळ पाहिलं. रांगेकडे पाहिलं. माझ्या बाटलीचा काटा पाहिला. मग म्हणाला, ‘‘आप बोलो सर. ताकत है तो चलते हैं.’’

मी म्हणालो, ‘‘है.’’

टोकावर पोहोचायला आणखी तासाहून जास्त लागला. तिथे दोन माणसं जेमतेम उभी राहतील एवढी जागा होती. मागचे लोक ओरडत होते. मी झेंडा काढला, तो फोटो झाला. मग बॅनर. तो उलगडायला मिटन्समधून जमेना. मी उजवा मोजा काढून काखेत धरला. नाडी सुटलेलीच होती. वाऱ्याने बॅनरचं एक टोक हिसकावलं, ते पकडायला मी हात पुढे केला, आणि काखेतला मोजा खाली पडला. पडला म्हणजे बर्फावर थांबला नाही. घसरत धारेच्या पलीकडे गेला.

‘‘एक्स्ट्रा?’’ भाईने विचारलं.

‘‘कॅम्प चार.’’

तो काही बोलला नाही. स्वतःच्या उजव्या हातातला लाल मिटन काढून त्याने माझ्या हातात घातला आणि नाडी माझ्या मनगटात ओढून घट्ट केली. त्याच्या हातात आत पातळ मोजे होते. सॅकमधून त्याने एक लोकरी मोजा काढून वर चढवला. लोकरीतून तो वारा आरपार जातो.

इथे खाली निघायला हवं होतं. मी निघालो नाही. बॅनर माझ्या हातात होता, देणाऱ्यांची नावं त्याच्यावर होती, आणि पुन्हा इथे येणं नाही हे ठाऊक होतं. मी बॅनर धरून उभा राहिलो. भाईने माझा फोन घेतला. लोकरी मोज्यातून पडद्यावर काही उठत नाही, म्हणून त्याने तो मोजा आणि आतलाही काढला, आणि उघड्या बोटांनी फोटो काढले. एक धूसर आला असावा असं वाटून त्याने आणखी काढले. मी त्याला ‘बस’ म्हटलं नाही.

उतरताना वारा वाढला. माझे हात ऊबदार होते. उतरणीवरच्या प्रत्येक ठिकाणी माझा दोर, माझा कॅराबिनर, माझा दोरावरून उतरायचा डिसेंडर तोच लावत होता, कारण मी थकलो होतो आणि त्या कामात मी आधीपासूनच कच्चा होतो. कुनला माझ्या हळूपणाची किंमत मागच्यांच्या खोळंब्यात मोजली गेली होती. इथे ती त्याच्या बोटांत मोजली जात होती. बर्फात थंड लोखंडही तापलेल्या तव्याइतकाच चटका देतं, आणि त्याच्या हातात दर वेळी लोखंडच येत होतं.

कॅम्प चारच्या तंबूत त्याने मोजा काढला तेव्हा तर्जनी आणि मधलं बोट पेरांपर्यंत पांढरी पडली होती. त्याने ती डाव्या काखेत धरली. डाव्या हाताने स्टोव्ह पेटवला, बर्फ वितळवला, मला चहा दिला. उशाशी माझ्या मिटन्सची जादा जोडी होती. ती त्यानेही पाहिली. मी काहीतरी बोललो असेन, आठवत नाही. मी झोपलो हे आठवतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. बेस कॅम्पवर कोमट पाण्यात हात ठेवून उपचार सुरू झाले, मग काठमांडू. हिमदंशात मेलेला भाग आणि जिवंत भाग यांच्यातली सीमा स्पष्ट व्हायला कित्येक आठवडे जातात, आणि डॉक्टर तोवर सहसा शस्त्रक्रिया करत नाहीत. मी दवाखान्यात भेटलो, हातात एक पाकीट दिलं, ठरलेल्या बोनसपेक्षा जास्त. त्याने दोन्ही हात जोडले, उजव्याला बँडेज होतं. मी पुण्याला आलो. बोटांची पेरं काढली तेव्हा तो तिथे होता आणि मी इथे एका शाळेच्या सभागृहात शाल-श्रीफळ घेत होतो.

भाषणांमध्ये मी शेर्पांबद्दल कृतज्ञतेने बोलायचो. ‘त्यांच्याशिवाय हे शक्य नव्हतं’ हे वाक्य दर वेळी असायचं. ते खरं होतं आणि त्याच्याआड बाकीचं सगळं झाकता येत होतं. बॅनरचा फोटो स्मरणिकेत छापला गेला. आमच्या क्लबमधल्या एका जुन्या गिर्यारोहकांनी, ज्यांच्याकडून मी पहिली गाठ मारायला शिकलो, तो फोटो बराच वेळ पाहिला.

‘‘अरे, डावा काळा आणि उजवा लाल? उजवा कुणाचा?’’

मी सांगितलं.

‘‘आणि तुझी जादा जोडी?’’

तेही सांगितलं. त्यांनी स्मरणिका बंद करून मला परत दिली आणि विचारलं, ‘‘हे त्याच्या कंपनीला माहीत आहे?’’

माहीत नव्हतं. त्या रात्री मी भाईला फोन केला, तेव्हा समजलं की कंपनीच्या अहवालात ‘स्वतःच्या हातमोज्यांबाबत हलगर्जी’ असं लिहिलं गेलं होतं. ग्राहकाने मोजा हरवला असं त्याने सांगितलं नव्हतं. ग्राहकाची तक्रार करणाऱ्याला पुढच्या मोसमात कोण बोलावणार? नेपाळमध्ये शेर्पांचा विमा आयोजकांना उतरवावा लागतो. १८ एप्रिल २०१४ला एव्हरेस्टच्या आइसफॉलवर १६ नेपाळी कामगार मेले, त्यानंतर मृत्यूसाठीची रक्कम १० लाखांवरून १५ लाख नेपाळी रुपये झाली. पण भाई जिवंत होता. त्याच्या गेलेल्या पेरांबद्दल काय मिळणार, हे त्या अहवालातल्या एका ओळीवर अडलं होतं. ती ओळ माझ्या गप्प राहण्यातून तयार झाली होती.

मी कंपनीला सविस्तर पत्र लिहिलं. कुनची खरी हकिकत, नाडी, जादा जोडी, अकराची वेळ, फोटो. स्मरणिकेतला फोटो जोडला. बऱ्याच पत्रापत्रीनंतर अहवाल बदलला आणि त्याला विम्याचे पैसे मिळाले. देणगीदारांनाही मी तेच पत्र पाठवलं. काहींनी उत्तर दिलं नाही. एकांनी लिहिलं की त्यांना बॅनरवर नाव नकोच होतं, मीच आग्रह केला होता. ते खरं आहे.

भाई आता उंचीवर जात नाही. थंडी लागली की उरलेली पेरं ठणकतात, आणि गाठ मारताना तर्जनी पुरत नाही. बेस कॅम्पवर तो भांडार सांभाळतो. वरच्या कामाच्या मानाने मजुरी कमी, बोनस नाही. घरावर पत्रे आले आहेत. त्याचा धाकटा भाऊ आता वर जातो.

आमच्याकडे हल्ली मुलं विचारायला येतात, कोणती कंपनी चांगली, खर्च किती. मी कंपन्यांबद्दल जे माहीत आहे ते सांगतो. मग भाईची हकिकत सांगतो. ती ऐकलेल्यांपैकी एकाने गेल्या मोसमात निघण्यापूर्वीच प्रमुखासमोर लिहून दिलं, की शिखर होवो न होवो, माझ्या शेर्पाला पूर्ण बोनस मिळेल. तो माथ्याच्या खालून परतला. त्याच्या शेर्पाने त्याला ‘वापस’ म्हटलं आणि तो वळला. दोघांचेही हात शाबूत आहेत.

हे मी फोनवर भाईला सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘सर, उस दिन आपने पूछा था ना, क्या लगता है. मुझे लगता था, वापस.’’

‘‘फिर बोले क्यों नहीं?’’ मी विचारलं, आणि विचारताक्षणीच कळलं की याचं उत्तर मी त्याच्या घरी चहा पिताना ऐकलेलं आहे. त्या रांगेत तो प्रश्न त्याच्यावर सोपवायचा मला अधिकार नव्हता. अकरा वाजलेले मलाही दिसत होते.